विश्वासाला खोट्याचा टेकू नको

वाचकहो, सलाम. या वेळी पाच पत्रं घेतली आहेत. आजूबाजूला माणसं इतकं वेगवेगळं मानतात, त्यात आपला ख्रिस्तावरचा विश्वास धरून कसं राहायचं, हा प्रश्न पाचांतही कुठे ना कुठे आहे. पहिल्या दोन पत्रांना जास्त जागा लागली. बाकीच्यांनी समजून घ्यावं.

"बाई, सलाम. मी २६ वर्षांची आहे, नोकरी करते. आम्ही आठ जण जेवणाच्या सुट्टीत एकत्र बसतो. कधीकधी देवाधर्माचा विषय निघतो. एकाचं म्हणणं, सगळे धर्म शेवटी एकच सांगतात. दुसऱ्याचं म्हणणं, देव ही माणसाच्या भीतीने घडवलेली गोष्ट. एक मैत्रीण सगळीकडून थोडंथोडं घेते. ती ध्यान करते, राशिभविष्य बघते आणि येशूचं डोंगरावरचं प्रवचनही तिला आवडतं. मी ख्रिस्ती आहे हे सर्वांना माहीत आहे. 'तुझं काय मत?' असं विचारलं की मी हसून 'प्रत्येकाचा आपापला मार्ग' म्हणते आणि विषय संपवते. मग रात्री झोप येत नाही. कोंबडा आरवल्यावर पेत्राला वाटलं असेल तसं वाटतं. पण 'मार्ग, सत्य व जीवन मीच आहे' हे वचन त्या टेबलावर म्हणायला तोंड उघडत नाही. तुम्ही सगळे चुकलात आणि मी तेवढी बरोबर, असं सांगितल्यासारखं वाटतं. मी काय करू?"

मुली, पेत्राचं नाव तूच काढलंस, म्हणून तिथूनच सुरू करते. येशूला धरून नेलं त्या रात्री अंगणातल्या शेकोटीजवळ त्याचा शिष्य पेत्र म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. तू असं म्हटलेलं नाहीस. तुझं दुखणं वेगळं आहे. 'प्रत्येकाचा आपापला मार्ग' हे तुझं मत नाही, तरी ते तुझ्या तोंडून निघतं, कारण ते म्हटलं की टेबलावर शांतता राहते. मनात एक आणि ओठांवर दुसरं, यानेच तुझी झोप उडते आहे. तशी ती उडावीच. ज्या दिवशी उडणार नाही त्या दिवशी मला तुझी जास्त काळजी वाटेल.

आता योहानाचं शुभवर्तमान उघड. पेत्रा, कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील, हे येशूचं बोलणं १३ व्या अध्यायाच्या अगदी शेवटी, ३८ व्या वचनात आहे. पुढे सहाव्याच वचनावर, म्हणजे १४:६ मध्ये, तो म्हणतो, "मार्ग, सत्य व जीवन मीच आहे." म्हणजे जे वचन तुला उच्चारवत नाही ते आणि ज्या कोंबड्याने तुझी झोप घालवली तो, हे दोन्ही एकाच संध्याकाळचं, एकाच बैठकीतलं बोलणं आहे. तो काही चौकात उभा राहून इतर धर्मांच्या लोकांना हे ऐकवत नव्हता. समोर त्याचेच घाबरलेले मित्र होते. त्याला धरून देणारा यहूदा नुकताच उठून अंधारात गेला होता. येशूने थोड्या वेळापूर्वी कमरेला रुमाल बांधून त्यांचे पाय धुतले होते, आणि पुढे नाकारणाऱ्या पेत्राचेही पाय त्यांत होते. थोमा म्हणतो, प्रभू, तुम्ही कुठे जाता तेच आम्हाला ठाऊक नाही, मग मार्ग कसा ठाऊक असणार? त्या गोंधळलेल्या माणसाला मिळालेलं हे उत्तर आहे.

हे वचन मी लहानपणापासून पाठ म्हणत होते. त्याच्या आधीची पाच वचनं नीट वाचली तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. तोवर मीही ते फलकावर रंगवलेल्या घोषणेसारखंच म्हणायचे. तसं म्हटलं की ऐकणाऱ्याला ते अंगावर आल्यासारखं वाटतं. तुझा संकोच काही अंशी बरोबर आहे. वचन मऊ करायची गरज नाही. ते ज्या संध्याकाळी उच्चारलं गेलं त्या संध्याकाळसकट ते मनात ठेव.

तुझा तो सहकारी म्हणतो, सगळे धर्म एकच सांगतात. तो हे चांगल्या मनानेच म्हणत असणार, त्याला भांडण नको असतं. पण म्हणणं खरं आहे का ते बघावं लागेल. आपण मानतो की येशू क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. मुसलमान येशूला मोठा पैगंबर मानतात, कुमारी मरियमेच्या पोटी त्याचा जन्म झाला हेही मानतात, पण कुराण सांगतं की त्याला क्रुसावर मारलं गेलं नाही. यहुदी लोक त्याला मसीहा मानत नाहीत. बुद्धाने दुःखाचं मूळ तृष्णेत दाखवलं, आणि त्याची शिकवण जग घडवणाऱ्या देवावर आधारलेली नाही. हे सगळे गंभीर लोक आहेत आणि ते निरनिराळं सांगतात. एखादी घटना घडली आणि घडली नाही, ही दोन्ही म्हणणी एकत्र खरी असू शकत नाहीत. 'सगळं एकच' म्हटलं की यांच्यापैकी कोणाचंच ऐकून घेतलेलं नसतं. दया, खरेपणा, चोरी न करणं, म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणं यांत आपलं खूप जुळतं, आणि ते मोकळेपणाने म्हणावं.

कॅथलिक मंडळींच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयी एक छोटं निवेदन काढलं. मी कॅथलिक नाही, पण त्यातला एक परिच्छेद मला फार मोलाचा वाटतो. या धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते मंडळी मुळीच नाकारत नाही, असं त्यात म्हटलं आहे. आणि त्याच परिच्छेदात, ख्रिस्त हाच मार्ग, सत्य आणि जीवन आहे हे सांगत राहणं तिला भाग आहे, असंही म्हटलं आहे. मधे 'पण आता' म्हणून नवं पान काढलेलं नाही.

प्रेषित पौल अथेनै शहरात हेच करताना दिसतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७. शहर मूर्तींनी भरलेलं पाहून तो आतून खवळला होता, असं त्या पुस्तकाचा लेखक लूक स्पष्ट लिहितो. तरी अरीयपगावर, म्हणजे तिथल्या सभेपुढे, उभा राहिल्यावर त्याने रागाने सुरुवात केली नाही. 'अज्ञात देवाला' असं कोरलेली एक वेदी त्याने फिरताना पाहिली होती, तिथून त्याने सुरुवात केली. म्हणजे तो आधी त्यांच्या गावातून हिंडला होता, थांबून अक्षरं वाचत. मग त्याने त्यांच्याच एका कवीची ओळ घेतली, की आपण त्याचा वंश आहोत. ही ओळ अरातसच्या काव्यातली आहे, आणि अरातस पौलाच्याच किलिकिया प्रांतातला. पौलाला त्यांची कविता येत होती! आणि एवढं सगळं जुळवून घेतल्यावरही तो पुनरुत्थानावर आलाच. तिथे काही जण हसले. काही म्हणाले, याबद्दल पुन्हा कधीतरी ऐकू. दियोनुस्य, दामारी नावाची एक स्त्री आणि आणखी काही जण, एवढ्यांनीच विश्वास ठेवला. पौल तिथून निघून गेला. हसणाऱ्यांच्या मागे लागला नाही, आणि पुढच्या वेळी लोकांनी हसू नये म्हणून पुनरुत्थान गाळलंही नाही.

आता माझ्या स्वतःच्या आयुष्यातलं सांगते. मी ३१ वर्षं परिचारिका होते. त्यातली ११ वर्षं रात्रपाळीला माझ्याबरोबर एक मुस्लिम सहकारी होती. पहाटे वॉर्ड शांत असला तर ती चादरी ठेवायच्या खोलीत नमाज पढायची. दाराबाहेर तिच्या पांढऱ्या चपला असायच्या, टाचा भिंतीला लावून नीट ठेवलेल्या. तेवढा वेळ तिचे पेशंट मी बघायचे. माझ्या रविवारच्या उपासनेसाठी ती पाळी बदलून द्यायची. एकदा नमाजानंतर बाहेर येऊन ती म्हणाली, "तू देवाला बाप म्हणतेस. हाक मारताना जीभ अडखळत नाही तुझी?"

माझी कधीच अडखळली नव्हती. मी दिवसातून दोनदा प्रभूची प्रार्थना म्हणत होते आणि पहिला शब्द दार ढकलावं तसा ढकलून आत जात होते. त्या सकाळी घरी येऊन मी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' एवढंच म्हटलं आणि पुढे जाता येईना. हे म्हणायची परवानगी कोणी दिली, काय मोजून दिली, याचा विचार मी कितीतरी वर्षांत केला नव्हता. तो मला दुसऱ्या धर्माच्या बाईने करायला लावला.

पुढे एका रात्री तिने सरळ विचारलं, "मी मेले तर माझं काय होईल असं तुला वाटतं?" तुझ्या टेबलावरच्या प्रश्नापेक्षा हा अवघड होता, कारण विचारणारी मला प्रिय होती. मी म्हणाले, "न्याय करणारी मी नाही. जो करणार आहे त्याला मी ओळखते, आणि तो तुझ्यावर माझ्याहून जास्त प्रेम करतो. पण येशूवाचून दुसरा मार्ग मला ठाऊक नाही, आणि तुझ्यासाठी मी रोज त्याच्याचकडे मागते." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मीही तुझ्यासाठी मागते." तेवढ्यात १४ नंबरच्या खाटेवरची घंटा वाजली आणि आम्ही दोघी उठलो. तिने तिचा धर्म सोडला नाही आणि मी माझा. पण त्या रात्री आम्ही एकमेकींशी खोटं बोललो नाही, म्हणून पुढची सगळी वर्षं आम्ही काहीही बोलू शकलो.

तर पुढच्या वेळी 'तुझं काय मत?' असं विचारलं की एवढंच म्हण: "मला तसं वाटत नाही. येशू मरणातून उठला हे खरोखर घडलं असं मी मानते, आणि घडलं असेल तर ते सगळ्यांसाठीच घडलं. पण तू असं का म्हणतोस ते मला ऐकायचंय." आणि मग खरंच ऐक, आपलं पुढचं वाक्य मनात जुळवत बसू नकोस. पेत्राने पुढे स्वतःच्या पत्रात लिहिलं की आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण ते सौम्यतेने द्या. शेकोटीजवळ काय झालं ते आठवूनच त्याने हे लिहिलं असावं, असं मला नेहमी वाटतं.

"माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. मोबाईलवर व्हिडिओ बघतो आणि म्हणतो की ३२५ साली निकियाच्या परिषदेत सम्राट कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन येशूला देव ठरवलं आणि बायबलची पुस्तकंही तिथेच निवडली. मी त्याला आपल्या बाजूचे व्हिडिओ आणि मेसेज पाठवले. त्यांतला एक तर चक्क खोटा आहे हे त्याने मला दाखवून दिलं. तेव्हापासून तो उपासनेला येत नाही. मी काय चुकलो?"

भाऊ, आधी व्हिडिओबद्दल. निकियाची परिषद कॉन्स्टंटाइनने भरवली हे खरं. पण तिथला वाद होता अरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीवर. अरियसच्या मते पुत्र निर्माण केलेला होता, कधीतरी तो नव्हता. परिषदेने ते नाकारलं. बायबलची पुस्तकं निवडण्याचं काम त्या परिषदेने केलेलं नाही. तिने केलेले २० नियम आजही वाचायला मिळतात, त्यांत पुस्तकांची यादी नाही. नव्या कराराची आजची २७ पुस्तकं नेमकी तशीच मोजून सांगणारी सर्वांत जुनी यादी आपल्याला मिळते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथेनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात.

आणि येशूला देव मानणं तेव्हा सुरू झालं म्हणाल, तर इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन अधिकाऱ्याने सम्राट ट्राजानला लिहिलेलं पत्र आहे. तो ख्रिस्ती नव्हता, उलट ख्रिस्ती लोकांना शिक्षा करत होता. तो लिहितो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. हे निकियाच्या दोनशे वर्षं आधीचं. आणखी एक सांगा मुलाला. कॉन्स्टंटाइनचा बाप्तिस्मा ३३७ साली मरणशय्येवर झाला, आणि तो दिला निकोमेडियाच्या युसेबियसने, जो अरियसच्या बाजूचा म्हणून ओळखला जात होता. पुढचा सम्राटही त्याच बाजूला झुकलेला. निकियाचा विश्वास न सोडणाऱ्या अथेनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. सम्राटांच्या मर्जीने सगळं ठरलं असतं तर आज आपण अरियसचंच म्हणणं म्हणत असतो.

एवढं झालं मुलासाठी. आता तुमच्यासाठी. तुम्ही पाठवलेला खोटा मेसेज कोणता ते तुम्ही लिहिलं नाही, पण मी काय केलं ते सांगते.

रविवारच्या शाळेत मी १५ वर्षं एक गोष्ट सांगत असे. अमेरिकेच्या अवकाश संस्थेचा संगणक ग्रहांच्या जागा मागे मागे मोजत गेला, तेव्हा इतिहासात एक दिवस कमी भरला. शास्त्रज्ञ चक्रावले. मग कोणीतरी यहोशवाचा १० वा अध्याय उघडला, जिथे सूर्य थांबला होता. त्यातले २३ तास २० मिनिटं मिळाली. उरलेली ४० मिनिटं हिज्कीया राजाच्या वेळी सावली दहा अंश मागे गेली तिथे मिळाली. बरोबर एक दिवस! मुलांचे डोळे मोठे व्हायचे. मला फार आनंद व्हायचा.

एका रविवारी बारा वर्षांची एक मुलगी हात वर करून म्हणाली, "बाई, तो दिवस हरवला हे कळायला आधीपासून कोणीतरी दिवस मोजत असायला हवं ना? कोण मोजत होतं?" मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात सांगते. घरी येऊन शोधलं. तसं काही घडलंच नव्हतं. ग्रह आज कुठे आहेत यावरून ते पूर्वी कुठे होते हे मोजता येतं, पण मधला एखादा दिवस 'हरवला' हे त्या गणितातून निघूच शकत नाही. मी ती गोष्ट एका सभेत ऐकली होती आणि मला आवडली म्हणून खरी धरली होती.

पुढच्या रविवारी बाकांवर सतरा मुलं होती. उभी राहून मी त्यांना म्हणाले, मी तुम्हाला खोटी गोष्ट सांगितली, मला क्षमा करा. मुलांनी ते सहज घेतलं. मोठ्यांपैकी एकाने मात्र दारात गाठून म्हटलं, "एवढं काय मनाला लावून घेता, चांगल्या कारणासाठीच सांगितलं होतंत ना?" त्या वाक्याची मला आजही भीती वाटते. सत्य मीच आहे असं म्हणणाऱ्याच्या कामासाठी खोटं चालतं, असं एकदा मनाने घेतलं की मग आपण कोणाच्या मागे चाललो आहोत? देवाला आमच्या लबाडीची गरज आहे का, असा प्रश्न बायबलमधल्या ईयोबानेही आपल्या मित्रांना केला होता. त्याच्या पुस्तकाचा तो १३ वा अध्याय त्या आठवड्यात मी गुडघ्यावर वाचला.

आपलं बायबल छापणारे याबाबतीत आपल्यापेक्षा प्रामाणिक आहेत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा प्रसंग, योहान ७:५३ ते ८:११, सर्वांत जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही. मार्काच्या शेवटच्या १२ वचनांचंही तसंच. अनेक आवृत्त्यांत तिथे कंस किंवा तळटीप असते. कोणी लपवलेलं नाही. मुलाला ती पानं तुम्हीच आपण होऊन दाखवा, त्याला व्हिडिओवरून कळायची वाट पाहू नका.

काय चुकलं विचारता, तर माझ्या मते तो विचारत होता आणि तुम्ही पुढे पाठवत होतात. आता एकदा जाऊन म्हणा, "तो मेसेज खोटा होता. मी न बघता पाठवला. तू बघितलंस ते बरं केलंस." याच्या पुढे उपासनेचा विषय त्या दिवशी काढू नका. पुढे मंडळीचा मोठा शिक्षक झालेला ऑगस्टीन तरुणपणी नऊ वर्षं मानी नावाच्या गुरूच्या वेगळ्या पंथात होता. त्याची आई मोनिका एका बिशपकडे गेली आणि म्हणाली, याच्याशी वाद घालून याची चूक दाखवा. बिशप म्हणाला, तूर्त राहू दे, फक्त त्याच्यासाठी प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. तरी ती रडून मागे लागली, तेव्हा तो म्हणाला, एवढ्या अश्रूंचा मुलगा नाश पावणं शक्य नाही. ३८७ च्या पुनरुत्थानाच्या सणाला मिलानमध्ये तिथला बिशप अँब्रोज याने ऑगस्टीनला बाप्तिस्मा दिला. त्याच वर्षी मोनिका वारली. ही गोष्ट ऑगस्टीनने स्वतःच लिहून ठेवली आहे. तुमच्या घरी असंच होईल असं मी म्हणू शकत नाही. पण तुमच्या मुलाला खोट्याची चीड आहे, आणि मला त्यात आशा दिसते.

"दुसऱ्या धर्माच्या जिवलग मैत्रिणीचं लग्न आहे. विधींच्या वेळी बसलं तर चालेल का? घरचे नको म्हणतात."

जा. तिच्या आनंदात आनंद करायलाच जा. करिंथकरांस पहिल्या पत्रात, आठव्या ते दहाव्या अध्यायांत, पौल हाच गुंता सोडवतो आहे. कोणी जेवायला बोलावलं तर जा, पुढे येईल ते खा, विचारत बसू नका. पण देवाची म्हणून उपासना करायची वेळ आली तर थांबा. प्लिनीपुढे उभ्या केलेल्या ख्रिस्ती लोकांना सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस अर्पून ख्रिस्ताची निंदा करायला सांगितलं जात होतं. काहींनी ते केलंही, पण जे खरे ख्रिस्ती त्यांच्याकडून एवढं एक करवून घेता येत नाही, असं प्लिनीच्याही कानावर आलं होतं. तू आदराने बस. हात जोडून पूजा करायची वेळ आली तर शांतपणे मागे राहा, आणि मैत्रिणीला हे आधीच सांगून ठेव. जिवलग असेल तर तीच तुझ्यासाठी कडेची खुर्ची धरून ठेवेल. घरच्यांना मात्र चोरून जाऊ नकोस.

"माझं वय ७१. आयुष्यभर मंडळीत काम केलं. आता रात्री वाटतं, हे सगळं खरं नसलं तर? कोणाला सांगायची सोय नाही, लोक काय म्हणतील. हे पाप आहे का?"

काका, नाही. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

मी ३३ वर्षांची असताना आमच्या वॉर्डात एक सहा वर्षांचा मुलगा गेला. नऊ दिवस मी त्याच्यासाठी प्रार्थना केली होती, त्याच्या आईचा हात धरून. त्या पहाटेपासून मला प्रार्थना येईना. सहा आठवडे आली नाही. रविवारी जाऊन बसायचे. सगळे उभे राहून 'मी विश्वास ठेवतो' हा विश्वासाचा अंगीकार म्हणायचे तेव्हा माझे ओठ मिटलेले असायचे. शेजारी एक म्हातारी बाई बसायच्या. त्यांचा आवाज बसका होता, शब्द अडखळायचे, पण एकही गाळायच्या नाहीत. त्यांना माझं काही ठाऊक नव्हतं. मी त्यांचं ऐकत राहायचे. सातव्या रविवारी 'मेलेला व पुरलेला' एवढे शब्द माझ्या तोंडून निघाले, पुढचे नाही. पुढचे नंतर आले.

स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारात संपतं, शेवटी 'तरी मी तुझी स्तुती करीन' असंही नाही. तरीही ते आपल्या शास्त्रात आहे, आणि ते सगळं देवालाच उद्देशून बोललेलं आहे. आजारी मुलाचा बाप येशूला म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. येशूने त्याला आधी अविश्वास टाकून ये म्हणून परत पाठवलं नाही, मुलाला बरं केलं. येशू उठला हे थोमा आठवडाभर मानत नव्हता, तरी बाकीच्यांनी त्याला खोलीबाहेर काढलं नाही. प्रभू पुन्हा आला तेव्हा तो तिथेच होता. तुम्हीही खोली सोडू नका. आणि एका माणसाला सांगा. पाळकांना सांगायचं अवघड वाटत असेल तर तुमच्याच वयाच्या कोणाला तरी सांगा. तोही रात्री जागा असण्याची शक्यता बरीच आहे.

"मी ११ वर्षांचा आहे. पिलाताने येशूला विचारलं, सत्य काय आहे? मग येशूने उत्तर का दिलं नाही? मी तिथपर्यंत वाचून पुस्तक मिटलं, कारण मला राग आला."

बाळा, राग आला म्हणजे तू नीट वाचलंस.

इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या एका ग्रंथालयात पपायरसचा एक तुकडा जपून ठेवला आहे. तुझ्या तळहातावर मावेल एवढाच. दोन्ही बाजूंना ग्रीक अक्षरं आहेत, ओळी तुटलेल्या. नव्या कराराच्या आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या तुकड्यांपैकी तो एक आहे आणि बहुतेक अभ्यासक तो दुसऱ्या शतकातला मानतात. त्यावर काय आहे सांगू? तू जिथे पुस्तक मिटलंस तेच, योहानाच्या १८ व्या अध्यायातलं येशू आणि त्याचा न्याय करणारा रोमन सुभेदार पिलात यांचं बोलणं.

आता ते ३८ वं वचन पुन्हा बघ. पिलाताने प्रश्न विचारला आणि लगेच तो बाहेर निघून गेला. येशू उत्तर देईपर्यंत तो थांबलाच नाही. येशू तिथेच होता, हात बांधलेले.

तू पुस्तक परत उघड आणि १९ वा अध्याय वाच. सावकाश वाच. मग मला पुन्हा लिही.